व्हिसा मागण्याआधीचा निषेध

"व्हिसाची मुलाखत म्हणजे दुसरं काय? ऑडिट!" मुरारीभाऊंनी जाहीर केलं आणि चहाची बशी तोंडाला लावली.

चाकणच्या एका गिअरच्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून त्यांची हयात गेली होती. जर्मन ऑडिटर आला, जपानी आला. मुरारीभाऊंनी सगळ्यांना कॅन्टीनची जिलेबी खाऊ घालून हसतमुखाने परत पाठवलं होतं. रिटायर झाल्यावर एक अमेरिकन तेवढा राहिला होता. तोही होऊन जाऊ दे!

प्रसंग मात्र नाजूक होता. लेक स्वरूपा मिशिगनला, पहिलंच बाळंतपण आणि तिची सासू हयात नाही. भाऊंच्या पत्नी सारजाबाईंनी तिथं वेळेत पोचायलाच हवं होतं. मुलाखतीची तारीख मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. ती हुकली, तर पुढची मिळेपर्यंत बाळ पालथं पडून रांगायला लागलं असतं!

"आबा, एजंट गाठायचा नाही," स्वरूपाने व्हिडिओ कॉलवर बजावलं. "फॉर्ममध्ये मी खरं तेच भरलंय, तुम्ही तेच सांगायचं. बाळंतपणाला चाललोय, चार महिने राहू, परत येऊ. व्हिसावाल्यांना शंका एकच असते, ही माणसं तिकडंच मुक्काम ठोकतील की काय. आणि फेसबुकवर काही टाकू नका हं. तुमच्या खात्याचं नाव फॉर्ममध्ये दिलंय, ते बघू शकतात."

"मी कशाला टाकतोय!" मुरारीभाऊ म्हणाले.

त्यांनी खरोखरच काही टाकलं नाही. टाकलं ते पुतण्या कुलदीपने.

कुलदीपला ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं. त्यामुळे कुरुळी गावात कुणाची गाय व्याली तरी तो फ्लेक्स लावायचा. इथं तर सख्खे चुलते अमेरिकेला चाललेले! मुलाखतीच्या आठवडाभर आधी मुरारीभाऊ दूध आणायला चौकात गेले आणि किटली हातात धरून तिथंच खांबासारखे उभे राहिले. समोर एसटीच्या उंचीचा फ्लेक्स. डावीकडे विमान, उजवीकडे मशालवाली बाई, मधोमध गॉगल लावलेले मुरारीभाऊ. गॉगल त्यांचा नव्हता. मिशासुद्धा थोड्या वाढवल्या होत्या. खाली ठळक अक्षरांत: 'अमेरिकेत कायमचे स्थायिक होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

"कुलदीप!" भाऊ गरजले. "कायमचे कुणी सांगितलं तुला?"

"तात्या, चार महिन्यांसाठी लिहिलं तर वजन काय राहतंय? चार महिने तर लोक माहेरपणाला जात्यात!"

"अरे, ते नेमकं हेच शोधत बसलेले असतात! फेसबुकवर टाकलंयस का?"

"टाकलंय की! तुम्हाला टॅगबी केलंय. सव्वाशे लाइक आल्यात."

मिशिगनचं बाळ मुरारीभाऊंना या सव्वाशे लाइकांखाली घुसमटताना दिसलं. त्यांनी उभ्या उभ्या पोस्ट काढायला लावली आणि कुलदीपलाच शिडीवर चढवून फ्लेक्स उतरवला. घरी येऊन त्याची घडी घालून गोठ्यावर टाकली. म्हशीच्या डोक्यावर सावली झाली. विषय संपला.

पण गावात अभिनंदनाचा फ्लेक्स आपोआप फाटतो, कुणी उतरवत नाही. उतरवला म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय! दुपारपर्यंत बातमी पसरली: मुरारीभाऊंचा व्हिसा अमेरिकेने फेटाळला.

संध्याकाळी ओसरीवर माणसं जमू लागली. चपला काढून, आवाज खाली आणून, भिंतीला टेकून बसू लागली.

"व्हायचं ते झालं, राव. मनाला लावून घेऊ नका."

"अहो, पण काही झालंच नाही!" मुरारीभाऊ सांगत होते.

"असंच म्हणायचं. धीराचा माणूस!"

शेजारच्या प्रभावतीबाई तर पिठलं-भाकरी घेऊन आल्या. "आज चूल पेटवू नका म्हणलं," असं म्हणून त्यांनी सारजाबाईंच्या पाठीवरून हात फिरवला. सारजाबाईंनी स्वयंपाक झाला होता तरी पिठलं ठेवून घेतलं. चांगलं झालं होतं.

हे सगळं पुढच्या आळीचा दिग्विजय बघत होता. ग्रामपंचायतीला त्यालाही उभं राहायचं होतं. कुलदीपने अभिनंदन उरकलं होतं, म्हणजे याच्या वाट्याला दुसरीच बाजू राहिली. चौकातल्या रिकाम्या सांगाड्यावर रातोरात नवा फ्लेक्स चढला: 'कुरुळीच्या सुपुत्राचा व्हिसा नाकारणाऱ्या अमेरिकेचा जाहीर निषेध! भव्य रास्ता रोको.'

वार होता मंगळवार, वेळ सकाळची. त्याच सकाळी मुरारीभाऊंना मुंबई गाठायची होती. दुपारी व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायचे, दुसऱ्या दिवशी मुलाखत!

मुरारीभाऊ दिग्विजयच्या घरी धावले. तो आंदोलनाची तयारी करायला बाहेर पडला होता. फोन लावला. फोनवर त्याच्याच आवाजात निषेधाची कॉलर ट्यून वाजत होती.

मंगळवारी पहाटेच निघायचं ठरलं होतं. पण गाडीवाला उशिरा आला आणि हायवेला लागताच गाडी थांबली. पहिला अर्धा तास कुणालाच कळलं नाही की हे आंदोलन आहे. चाकणच्या हायवेवर गाड्या उभ्याच असतात! कंपन्यांच्या बसमधले कामगार सवयीने झोपले होते. ट्रेलरवाले खाली उतरून तंबाखू मळत होते. मग पुढून घोषणा ऐकू आली: "मुरारीभाऊ तुम आगे बढो!"

"पुढं कसा जाऊ? रस्ता तुम्हीच अडवलाय ना!" मुरारीभाऊ गाडीतून ओरडले.

कुणीतरी त्यांना ओळखलं. मग काय, खांद्यावर उचलून थेट टेम्पोवर! दिग्विजयने माईक हातात कोंबला. समोर दोन मोबाइल, एक कॅमेरा आणि घामाघूम झालेले दोन पोलीस.

"बोला, भाऊ! अन्यायाला वाचा फोडा!"

मुरारीभाऊंनी तोंड उघडलं. खरं सांगावं, तर दिग्विजयची अब्रू जाणार आणि जमाव त्याच्यासह आपल्यावरच उलटणार. खोटं सांगावं, तर कॅमेऱ्यात पुरावा राहणार. जर्मन-जपान्यांना गुंडाळणारा हा माणूस माईकसमोर नुसताच "हॅलो, हॅलो" करत राहिला.

तेवढ्यात सारजाबाई पदर खोचून टेम्पोपाशी आल्या. वर चढल्या नाहीत. खालूनच माईक ओढून घेतला.

"आरं, कुणी न्हाई नाकारला व्हिसा! आजून मागितलाच न्हाई, तर नाकारतंय कोण? मागायलाच चाललोय आमी! माझी लेक बाळंत व्हायचीय. रस्ता सोडता, का इथंच तिचं बाळंतपण करता?"

मागून एक ट्रेलरवाला ओरडला, "सोडा की रं, माउली खोळंबलीय!" दिग्विजयही काही कच्चा गडी नव्हता. त्याने चपळाईने दुसरा माईक उचलला. "मित्रहो, आपल्या आंदोलनाला यश! व्हिसा मिळवण्यासाठी भाऊ आत्ता, या क्षणी, मुंबईला रवाना होत आहेत!" टाळ्या पडल्या. पोलिसांनी स्वतः शिट्ट्या मारत गाडी पुढं काढून दिली. पुढचं मोशी गाव येईपर्यंत मुरारीभाऊ मागं वळून वळून बघत होते.

बोटांचे ठसे वेळेत झाले, अगदी थोडक्यात.

दुसऱ्या दिवशी काचेपलीकडे एक तरुण गोरी बाई होती आणि शेजारी मराठी सांगणारी दुभाषी. मुरारीभाऊ विटेएवढी फाइल छातीशी धरून उभे. सातबारा, पेन्शन, बँक, सगळं रंगीत खुणा लावून. बाईने फाइलकडे बघितलंही नाही. तिने सारजाबाईंना विचारलं, कशासाठी चाललात?

"लेकीच्या बाळंतपणाला."

परत याल?

"येणार न्हाई तर! म्हस गाभण हाय. तिचं कोण करणार?"

गोऱ्या बाईने मान हलवली आणि मुरारीभाऊंकडे वळली. दुभाषीने प्रश्न सांगितला, "बाळंतपण आई करणार. मग तुम्ही कशासाठी जाताय?"

या प्रश्नाची तयारीच मुरारीभाऊंनी केली नव्हती. फाइल चाळून बघितली. त्याचं उत्तर कुठल्याच कागदावर नव्हतं.

"यांचं काय बाई," सारजाबाईंनी सांगून टाकलं, "यांना मागं ठेवून गेले तर उपाशी राहतील! साधा चहा करता येत न्हाई यांना."

दुभाषी हसू दाबत भाषांतर करत राहिली. मग गोरी बाईही हसली. दोन्ही पासपोर्ट तिने ठेवून घेतले. व्हिसा मंजूर!

बाहेर येताच स्वरूपाला फोन झाला, रडणं झालं, हसणं झालं. परतीच्या वाटेवर मुरारीभाऊंना हळूहळू कंठ फुटला. "बघितलंस? मी म्हणत नव्हतो, नुसतं ऑडिट असतं!"

सारजाबाईंनी खिडकीबाहेरची नजर हलवली नाही.

"जायला महिना हाय अजून. उद्यापास्नं सकाळचा चहा तुमी करायचा," त्या म्हणाल्या. "तिथं मी एकच लेकरू सांभाळणार हाय."