अठ्ठ्याण्णव टक्के पाणी

अवघड कामं सोपी करून टाकणं हा माझा स्वभावच आहे! आमच्या कागदाच्या कारखान्यातली प्रयोगशाळा मीच सांभाळतो. लाकडाचा लगदा रसायनात भिजवायचा, तंतू सैल झाले की धुवायचा आणि दगडी चकत्यांच्या यंत्रातून दहा वेळा दळायचा. तंतूंचे इतके बारीक धागे सुटतात की डोळ्यांना दिसतच नाहीत. दिसतं ते बादलीभर घट्ट, पांढरं जेल. ते रंगात घातलं की रंग भिंतीवरून ओघळत नाही. सोमवारी रंगाच्या कारखान्याच्या बाई ते बघायला येणार होत्या. त्यांना पसंत पडलं, तर नवा विभाग निघणार आणि प्रमुख मी!

शनिवारी साहेबांनी बादलीत डोकावून विचारलं, "यात पाणी किती?"

"अठ्ठ्याण्णव टक्के."

"म्हणजे ट्रक भरभरून पाणीच पाठवायचं?"

"छे! वाळवून पूड करतो. पाण्यात घातली की पुन्हा जेल!"

घरी बायको म्हणाली, "अहो, आधी चमचाभर वाळवून बघा."

"हे विज्ञान आहे, स्वयंपाक नाही!" मी ठणकावलं आणि प्रयोगशाळेत जाऊन अख्खी बादली ट्रेमध्ये पसरून तिथल्या ओव्हनमध्ये ठेवून आलो.

सोमवारी ओव्हन उघडला. पूड कसली! पातळ, कडक, चकचकीत पत्रे! गार पाण्यात घातले, ढिम्म. गरम पाण्यात घातले, तरी ढिम्मच! फिटरकाकांनी हातोडा हाणला.

"हे फुटायचं नाही हो," ते मनगट चोळत म्हणाले.

मग मी एक पत्रा दळायच्या यंत्रात कोंबला. यंत्र किंचाळलं आणि बंद पडलं! तेवढ्यात बाई हजर.

"जेल कुठाय?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छाती काढून म्हणालो, "बाई, जेल जुनं झालं. ही पुढची पायरी!"

बाईंनी पत्रा उजेडात धरला, वाकवला, मग पेन काढून त्यावर तारीख लिहिली. शाई जराही फुटली नाही.

"सुरेख! पण आमच्याकडे याला कागद म्हणतात."

"आमच्याकडेही," साहेब थंडपणे म्हणाले. "पलीकडच्या शेडमध्ये तासाला आठ टन निघतो."

विभाग बारगळला. पण इतका गुळगुळीत कागद आमच्या कारखान्यात आजवर निघाला नव्हता, हे मी छातीठोक सांगतो! साहेबांनी मला दिलेला मेमो त्याच्यावरच लिहिलाय.