अकराव्या ग्रहावरची विहीर

जी गोष्ट एकदा पाहून कळत नाही ती दुसऱ्यांदा पाहूनही कळत नाही. पण दुसऱ्यांदा पाहिली की तिच्यावर अभिप्राय देता येतो. मनुष्यजातीची बरीचशी प्रगती या तत्त्वावर झालेली आहे, आणि शेंद्र्याच्या रस्त्याला असलेल्या आमच्या कॉलनीची तर सगळीच.

कॉलनीत घरं एकशे बारा, नळ एकशे बारा. (पाणी तेवढं यायचं आहे.) २०१६ च्या उन्हाळ्यात टँकर पाचव्या दिवशी यायचा. मधले चार दिवस माणसानं काय करावं, या प्रश्नावर उपाय म्हणून 'अंतराळमालिका फेरपाहणी समिती' स्थापन झाली. आम्ही ज्वान असताना अख्खी गल्ली एका टीव्हीपुढं बसून 'अकरावा ग्रह' नावाची मालिका पाहायची. ती पहिल्या भागापासून दर रविवारी सकाळी कॉलनीच्या हॉलमध्ये पुन्हा पाहायची आणि तिचे दोष जगाला कळवायचे, एवढाच समितीचा उद्देश. जगानं विचारलं नव्हतं. पण दुष्काळात न मागता मिळणारी वस्तू एकच, अभिप्राय.

अध्यक्ष नानासाहेब. तीस वर्षं महसुलात काढलेली, त्यामुळं तारे-बिरे देण्याची थेरं आमच्याकडं नाहीत. पिकाची निघते तशी आमच्याकडं भागाची पैसेवारी निघते. पन्नास पैशांच्या आत आला की भाग दुष्काळग्रस्त. मग पंचनामा, पाच पंचांच्या सह्या, आणि शेंद्र्याच्या कारखान्यात कामाला असलेला शिवशंकर तो कागद इंटरनेटवर चढवतो. वाचक नऊ. त्यांतले पाच पंच, उरलेले पंचांच्या घरचे.

पहिला भाग एकोणचाळीस पैसे. रॉकेट म्हणून जे उडालं ती पितळी स्टोव्हची उलटी टाकी होती आणि पंपाचा दांडा काढायचंही कुणाला सुचलं नव्हतं. दुसऱ्या भागात त्या कोरड्या ग्रहावरच्या माणसांना तिसऱ्या दिवशी पाणी मिळतं, म्हणून ती ऊर बडवून रडतात.

"तिसऱ्या दिवशी?" शिवशंकर उखडला. "अन् वरून रडतात? काहीही दाखवायचं म्हणजे!"

अतिरंजितपणाबद्दल चार पैसे कापले. एकमतानं.

हॉल झाडायला दगडाबाई यायची. कॉलनी होण्याआधी हे सगळं रान तिच्या घरच्यांचं, मेंढरं चारायचं. आता कंपाउंडच्या मागं तिचं खोपट आणि अकरा मेंढ्या. टँकरचं पाणी फक्त सभासदांना. दगडाबाई सभासद नाही, मेंढ्या तर नाहीतच. त्यामुळं दर रविवारी केरसुणी हातात धरून ती एकच सांगायची.

"सायेब, ह्या हॉलखाली माह्या सासऱ्यानं खंदलेली इहीर हाय. सात परस खोल. कधी आटली नाय बगा. नुसती उघडा. तुमालाबी पानी व्हईल, माह्या मेंढरायलाबी व्हईल. नायतर ती बाजारला इकावी लागत्यात."

"पुरावा?" नानासाहेब विचारायचे.

महसुलाच्या कागदावर त्या जागी 'विहीर : निरंक' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. (कागदावर सही नानासाहेबांचीच. त्यामुळं त्यांचा त्या कागदावर फार विश्वास.)

तिसरा भाग लागला. अंतराळवीर त्या निर्जळ ग्रहावर गुडघ्यावर कोसळतो, जीभ बाहेर काढतो आणि आभाळाकडं बघून ओरडतो, "इथं एक थेंबही नाही!" आणि त्याच्या डाव्या कानामागं, पडद्याच्या कोपऱ्यात, एक बाई विहिरीतून भरलेला पोहरा शेंदत असते. पाणी काठावरून सांडतं.

"थांबवा!" तिघं एकदम किंचाळले. शिवशंकरच्या डोळ्यांत पाणी तरळलं. एवढी ढळढळीत चूक समीक्षकाला जन्मात एकदा घावते.

दगडाबाईच्या हातून केरसुणी गळाली. "आवं, ती मी हाय! शूटिंगवाले म्हनले, बाई, बाजूला सर. म्या म्हनलं, तूच सर. माही मेंढरं वरडायलीत!" मग पडद्याजवळ जाऊन तिनं बोट ठेवलं. "ही मागली टेकडी बगा. अन् ती खिडकीतली बगा."

आम्ही खिडकीतून पाहिलं. तीच टेकडी, तीच खाच. हिशेबानं विहीर बरोब्बर पडद्याखाली येत होती.

समिती गंभीर झाली.

"बाई," नानासाहेब म्हणाले, "पुरावा मान्य आहे."

दगडाबाईनं हात जोडले.

"लिही शिवशंकर," नानासाहेब पुढं म्हणाले, "निर्जळ ग्रहावर पाण्यानं भरलेली विहीर आढळून आल्यानं दिग्दर्शकाची घोर हयगय सिद्ध होते. सबब भाग तिसरा, बारा पैसे."

पाच पंचांनी सह्या केल्या. (पाचवी माझी. पेनही माझंच होतं.) प्रत्यक्ष साक्षीदार म्हणून दगडाबाईचा अंगठा घेतला.

"ह्यानं इहीर उघडंल का?" तिनं शाई पदराला पुसत विचारलं.

"प्रकरण लांबपर्यंत जाईल," शिवशंकर म्हणाला.

ते खोटं नव्हतं. तो पंचनामा चार हजार लोकांनी वाचला. 'वाह, काय बारीक नजर!' असं सहाशे जणांनी कळवलं. विहीर कुठं आहे, असं कुणी विचारलं नाही. प्रेक्षक वाढले म्हणून मोठा पडदा घेतला आणि त्याच्याखाली सिमेंटचा पक्का ओटा बांधला. ओटा तडकू नये म्हणून त्यावर मारायला एक टँकर ज्यादा मागवला. ओटा उत्तम पाणी प्यायला. त्याच आठवड्यात अकरा मेंढ्या बाजारात गेल्या. दगडाबाई आता ओटाही पुसते. बोलत मात्र नाही, त्यामुळं समितीच्या कामात व्यत्यय येत नाही.

आमच्या समितीला तुम्ही मघापासून हसताय, ते मला दिसतंय. हसा. फक्त एक सांगा, रॉकेट कशाचं होतं?

स्टोव्हच्या टाकीचं. शाबास, लगेच आठवलं.

आणि विहीर किती परस होती?

वर जाऊन बघताय? बघा, बघा. समितीत एक जागा रिकामी आहे.