पाठीचा कणा आणि मावशीचं कालवण

"रोह्याचा कप पेणला येणार म्हणजे येणार!" नववीतल्या किमयाने जाहीरच करून टाकलं. विज्ञान प्रदर्शनात बाकीचे तक्ते टांगणार. ती मात्र पृष्ठवंशीय प्राण्यांचे पाचही वर्ग जिवंत मांडणार होती! उभयचर म्हणून बेडूक, सरपटणारा म्हणून सरडा, पक्षी म्हणून शेजारच्या बायजाबाईंची कोंबडी. सस्तन प्राणी ती स्वतः. आणि हुकमाचा एक्का म्हणजे निवट्या, खाडीच्या चिखलावर तुरुतुरु चालणारे मासे! परीक्षक त्यांना उभयचर समजून फसणार आणि किमया ऐटीत कल्ले नि पर दाखवणार.

"कोंबडीचं एक पीस जरी गळलं ना, तर बघ गो!" बायजाबाईंनी दम भरला.

बादली, बरणी, खोका नि टोपली घेऊन किमया एसटीत चढली, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "पोरी, आठवडी बाजार उद्याय ना?"

रोह्याला शांतीमावशीकडे मुक्काम. सकाळी उठून बघते तर बादली रिकामी!

"मावशी, निवट्या?"

"कालवण केलंय फर्मास! ताईने पाठवल्या ना? खाडीकडचं माणूस रिकाम्या हाताने येत नाय कधी. पण बेडूक नि सरडा कशाला गो पाठवला तिनं?"

किमयाचा चेहरा त्या सरड्यासारखा रंग बदलू लागला. पण कपाचा प्रश्न होता! तिने कालवणाची वाटी उचलली आणि प्रदर्शनात नेऊन 'मासे' या पाटीखाली ठेवली.

शेजारच्या टेबलावरचा ऋत्विक फिदीफिदी हसला. "हा कुठला वर्ग? जेवणाचा?"

तेवढ्यात परीक्षक आले. बेडकाची ओली कातडी, सरड्याचे कोरडे खवले, कोंबडीची पिसं, सगळं बघून झालं.

"सस्तन प्राणी?"

"समोर उभी आहे, सर! अंगावर केस आहेत आणि लहानपणी आईचं दूध प्यायलेय."

"आणि हे काय?" सरांनी वाटीकडे बोट दाखवलं.

किमयाने निवटी उचलली, बोटांनी मांस सोडवलं आणि पांढराशुभ्र काटा उंच धरला.

"पाठीचा कणा, सर! इथल्या सगळ्या प्राण्यांना आहे. दिसतोय फक्त हिचा!"

सर खो खो हसले. ऋत्विकच्या तक्त्यात कणा नुसता चित्रात काढलेला होता! पहिला नंबर किमयाचा!

बक्षीस समारंभ उरकून ती नाचतच मावशीच्या घरी आली. प्रदर्शन बघायला आलेली मावशी प्राणी घेऊन आधीच पुढे आली होती. अंगणात टोपली उपडी पडली होती.

"मावशी... कोंबडी कुठाय?"

"नंबर आला ना तुझा? मग काय वरणभात घालू होय? बेडूक नि सरडा दिले हो सोडून परसात. ये, वडे गरम आहेत."

"अगं, ती बायजाबाईंची होती! त्यांना काय सांगू?"

"सांग, हिचापण कणा दिसला म्हणून!"

किमया थोडा वेळ रडली. मग, सस्तन प्राण्याला भूक लागतेच, म्हणून जेवायला बसली.

रोह्याचा कप पेणला आला, शब्द खरा झाला. सध्या तो बायजाबाईंकडे, खुराड्यात आहे. कोंबड्या त्यातून पाणी पितात.