माझ्या अंगठ्यासाठी गावाचा उपास

गव्हाची बादली आपणच उतरवायची, असं मी एका शनिवारी ठरवलं. एवढंच. पुढे जे झालं त्यात माझा तसा काही दोष नाही (बायकोचं मत वेगळं आहे).

अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या आमच्या गावात घरटी तळघर असतं आणि तळघरात वर्षभराचं धान्य. दुकानात खिळे, दोर, कोंबड्यांचं खाद्य विकताना मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो, "बाबा रे, जड माल खाली, हलका वर." स्वतःच्या घरी मात्र गहू सगळ्यात वरच्या फळीवर. माझी बायको लनेट म्हणाली, "व्हर्लन, शेजाऱ्याला हाक मारू का?" मी म्हटलं, "पोती उचलण्यात जन्म गेला माझा!" बादलीने ते ऐकलं असावं. ती थेट माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर आली.

"मोडलाय," डॉक्टर म्हणाला. "पाय टेकायचा नाही."

घरी येताना गाडीत लनेटने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं : "सोमवारी जेरमला यातलं अक्षर कळता कामा नये."

जेरम आमचा धाकटा. आमच्या चर्चची मुलं या वयात दोन वर्षं धर्मप्रचाराला जातात, तसा तो पॅराग्वेला गेलेला. मधे घरी यायचं नाही. आठवड्यातून एकदा, सोमवारी, व्हिडिओवर बोलायचं. पहिल्याच महिन्यात पोरगं म्हणालं होतं, "मॉम, मला नाही जमत इथे. येऊ का परत?" तेव्हापासून लनेटने नियम केला : घरची बातमी सांगायची ती गोडच. वाईट काही कानावर गेलं की हा बॅग भरणार, अर्ध्यातून परत येणार आणि जन्मभर स्वतःला खात बसणार. त्यामुळे आमच्या घरी गाय आजारी पडत नव्हती, पेअरला कीड लागत नव्हती आणि म्हातारी आत्या स्वर्गवासी न होता "अगदी शांत" झाली होती.

अंगठा लपवणं सोपं होतं. अवघड होती ब्रिनली.

ब्रिनली म्हणजे जेरम जिची वाट बघत होता, किंवा जी जेरमची वाट बघणार होती ती. तिचं लग्न ठरलं. दातांच्या डॉक्टरकीला असलेल्या एका मुलाशी. आमच्याकडे लग्न ठरलं की जोडप्याचा हसरा फोटो गावभर जातो आणि ज्याला मिळेल त्याने तो फ्रीजवर लावायचा असतो. नाही लावला तर पोरीच्या आईला राग येतो, आणि ब्रिनलीची आई दिवसाआड साखर मागायला आमच्या स्वयंपाकघरात. म्हणून तो फोटो फ्रीजवर, दोघांचे सगळे दात दाखवत. सोमवारी फोनच्या आधी काढायचा असं ठरलेलं.

त्या सोमवारी जेरमने अर्धा तास आधीच फोन लावला. टॅबलेट टेबलावर, तोंड फ्रीजकडे. लनेटने तो घाईत उचलून घेतला आणि मला डोळ्यांनी खूण केली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली की तिच्या डोळ्यांचं मी शब्दशः पालन करतो. मी लंगडत गेलो आणि फ्रीजला पाठ लावून उभा राहिलो. एका पायावर.

"डॅड, तू बसत का नाहीस?"

"बसून बसून कंटाळलो रे!"

"आणि चेहरा असा का झालाय?"

"आनंदाने."

"घाम आलाय तुला."

"फार आनंद झालाय."

तेवढ्यात तोल गेला आणि मोडका पाय टेकला. मी जो आवाज काढला तो आमच्या वासराने ऐकला असता तर आईला भेटायला धावलं असतं. जेरम घाबरला. "मॉम, खरं सांग, डॅडला काय झालंय?" लनेटच्या मनात ब्रिनली, डोळ्यांत पाणी. ती म्हणाली, "काही नाही राजा. तू तुझं काम कर. डॅड खूप... खूप समाधानी आहे."

आता तुम्हीच सांगा, असं वाक्य माणूस कोणाबद्दल बोलतो?

बुधवारी आमच्या चर्चमधली ऑर्फा बेकस्टेड दारात उभी राहिली. हातात मोठं काचेचं भांडं : बटाटे, क्रीम, चीज, वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स. गावात हा पदार्थ कोणी गेलं की दफनानंतरच्या जेवणाला करतात.

"सिस्टर बेकस्टेड," मी म्हटलं (चर्चमध्ये आम्ही सगळे एकमेकांचे ब्रदर आणि सिस्टर), "मी अजून आहे."

"हो ना, हो ना," ती माझा हात थोपटत म्हणाली. "ताजे आहेत तोवर खाऊन घ्या."

गुरुवारी तीन भांडी आली. मला वाटलं, अंगठ्याची बातमी फुटली. लोक किती चांगले! मी सगळं खाल्लं.

रविवार महिन्याचा पहिला होता. त्या दिवशी आम्हा सगळ्यांचा उपास असतो, पाणीसुद्धा नाही. पण माझ्या गोळ्या रिकाम्या पोटी चालत नव्हत्या, म्हणून मी एक डोनट खाल्लं (दुसरं डोनट गोळीसाठी नव्हतं). कुबडी घेऊन चर्चमध्ये बसलो. बिशप क्रँडल उभा राहिला. एरवी तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि माझ्याकडून उधारीवर बोल्ट नेतो. तो म्हणाला, "आजचा आपला उपास ब्रदर टोलमनसाठी. आजार गंभीर आहे. कुटुंबाला बोलायचं नाही, आपणही विचारू नये."

सगळं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं. मी टायवरची साखर झटकली.

सभा संपताच बिशपने आम्हाला आपल्या खोलीत नेलं. पॅराग्वेतल्या जेरमच्या प्रमुखाने मंगळवारीच त्याला माझ्या आजाराचं कळवलं होतं, आज पुन्हा फोन आला होता. "जेरमने परत यायची परवानगी मागितलीय, सिस्टर टोलमन. वडिलांना शेवटचं बघायचंय म्हणतोय. तिकिटाचं बघताहेत."

लनेट ताडकन उठली. "लावा फोन. आत्ता."

पडद्यावर जेरम दिसला. मागे पलंगावर उघडी बॅग. लनेटने श्वाससुद्धा घेतला नाही. "डॅडचा अंगठा मोडलाय, फक्त अंगठा, पायाचा! आत्या वारली. पेअर किडले. आणि ब्रिनलीचं लग्न ठरलंय, फोटो फ्रीजवर आहे, तो झाकायला बाप तुझा उभा होता. सांगितलं सगळं. आता ये नाहीतर राहा!"

जेरम म्हणाला, "ब्रिनलीचं मला माहीत होतं. तिनेच कळवलं होतं."

"कधी?"

"झाले बरेच दिवस. तू रडशील म्हणून नाही बोललो."

"अरे मेल्या!" लनेट म्हणाली आणि रडली.

मागे हात करून त्याने बॅग मिटली. ती मिटल्याचा आवाज आला तेव्हा कुठे माझा श्वास सुटला. बिशप मात्र चिंतेत. "ब्रदर टोलमन, बाहेर दोनशे माणसं उपाशी आहेत. त्यांना काय सांगू?"

"सांग, गुण आला."

त्याने तसंच सांगितलं.

त्यानंतर घरचा नियम बदलला : जे असेल ते सगळं सांगायचं. पुढच्या सोमवारी लनेटने भडाभडा सगळं सांगितलं. जेरमने तिकडचं सांगितलं : आठवडाभर पाऊस, रस्त्यांत गुडघाभर चिखल, पण एका म्हाताऱ्याचं छप्पर शाकारून दिलं, बरं वाटलं. मग लनेट म्हणाली, "आणि तुझा बाप रोज संध्याकाळी तुझ्या खोलीत जाऊन बसतो. डोळे लाल करून बाहेर येतो."

"धूळ!" मी ओरडलो. "फार धूळ आहे त्या खोलीत!"

"ती खोली मी रोज पुसते," लनेट म्हणाली.

जेरमने मान वळवली, बाहीने नाक पुसलं. "इकडेही फार धूळ आहे, डॅड."

फोन बंद झाल्यावर लनेट पडद्याकडे बघत राहिली.

"आठवडाभर पाऊस, आणि म्हणे धूळ," ती म्हणाली. "खोटं बोलण्यात पोरगं अगदी तुझ्यावर गेलंय."

मी जरा ताठ झालो.

"त्यालाही जमत नाही," ती म्हणाली.