मायक्रॉनला लावलेला टेप

विमलचा सेमिनार मी समजून घेणारच, असं मी ठरवलं. आणि एकदा ठरवलं की मी मागे हटत नाही (हे काही कौतुकाचं नाही, घरच्यांना विचारा).

विमल आमची मुलगी, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिचा विषय होता तीन मायक्रॉनची जुनी चिप आणि दीड मायक्रॉनची नवी चिप यांतला फरक. सरांनी तिला दोनदा परत पाठवलं होतं. "घरातल्या कुणालाही कळेल असं सांगा, तरच पास. ही शेवटची संधी," म्हणाले. घरातलं कुणी म्हणजे मीच. तिचे अप्पा वर्कशॉपमधून आले की पेपर तोंडावर घेऊन झोपतात.

शनिवारी विमल कॉलेजातून दोन चिप दोन काड्यापेट्यांत घालून घेऊन आली. पेट्यांवर आकडे लिहिले आणि लायब्ररीत गेली. मी म्हटलं, आधी वस्तू तर बघू. दोन्ही शिलाई मशीनवर काढून ठेवल्या. काळ्या गोमाच जणू, दोन्ही अंगांना पाय! तेवढ्यात शेजारच्या दुर्गव्वा आल्या. "अक्का, ब्लाउज झालं काय हो?" म्हणत त्यांनी मशीनवरचा ब्लाउज ओढला आणि दोन्ही गोमा खाली कातरणांत पडल्या.

सापडल्या, पण तीनची कुठली आणि दीडची कुठली? मी टेप लावला. एक भरली दोन इंच, दुसरी पाऊण.

"तीन मोठं की दीड?" मी विचारलं.

"तीनच की हो!"

लांब चिप तीनच्या पेटीत गेली, आखूड दीडच्या. (वर मी दोऱ्यानं गाठीही मारल्या.)

रविवारी विमलनं आम्हाला सेमिनार करून दाखवायला घेतला. दुर्गव्वाही येऊन बसल्या. विमलनं पेट्या उघडल्या आणि किंचाळली, "आई! उलट्या घातल्यास!"

"टेप लावून घातल्यात!"

"अगं, मायक्रॉन म्हणजे चिपची लांबी नव्हे! आत सगळ्यात बारीक रेघ काढतात, तिची रुंदी, मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत. रेघ बारीक झाली की काम जास्त मावतं. ह्या नव्या चिपला कामं जास्त, म्हणून पायही जास्त आणि लांबीही."

"मग ती रेघ मोजली तर दीडच भरते?"

विमल जरा अडखळली. "तसंही नाही. एखादी कंपनी नकाशावर आखलेली रेघ मोजते, एखादी चिप तयार झाल्यावर उरलेली. आकडा एकच लिहिला तरी माल सारखा असेलच असं नाही."

"हात्तिच्या! एवढंच ना? दुर्गव्वांचं माप अडतीस, पण त्यांना चौतीसच आवडतं म्हणून मी चिठ्ठीवर चौतीस लिहून टाचते!"

विमल टाळी वाजवून ओरडली, "हेच, आई, हेच!"

दुर्गव्वा मात्र उठून उभ्या राहिल्या. "अय्यो! म्हणून दुकानातल्या चौतीसात मी अडकले होय? दोघींनी ओढून काढलं हो मला!"

त्यांना दोन कप चहा पाजावा लागला.

सोमवारी मीही कॉलेजात जाऊन मागच्या बाकावर बसले. विमलनं ब्लाउजची गोष्ट सांगितली (नाव न घेता). पोरं हसली, सर हसले नाहीत. "घरातल्या कुणाला कळलं?"

मी उभी राहिले. आकडा लांबीचा नव्हे, आतल्या रेघेचा. आणि तोही मोजणाऱ्यावर अवलंबून, हे एका दमात सांगितलं.

"विमल, पास," सर म्हणाले.

तेव्हाच मी खाली बसायला हवं होतं. पण एवढ्या कष्टानं मिळवलेलं ज्ञान अर्धं कसं ठेवायचं?

"आणि सर, दीडची चिप तीनच्या चिपपेक्षा लांब असते. दोन इंच. मी स्वतः मोजलीय."

सरांनी टेबलावरची एक बिघडलेली, वरून फोडलेली गोम उचलली आणि माझ्यापुढे धरली. आत हरभऱ्याच्या डाळीएवढा एक चकचकीत तुकडा होता.

"बाई, चिप ही एवढीच. बाकी सगळं तिचं पॅकिंग."

पंधरा वर्षं मी मापं घेतेय. पण बाईचं माप म्हणून तिच्या ट्रंकेला टेप लावायची ही माझी पहिलीच वेळ.