मॅनेजरसाहेबांचे मार्क कोण खातं?

“गुन्हेगार मला पाहून पळत नाहीत. पळून उपयोग नाही, हे त्यांना ठाऊक असतं. उभ्या उभ्या कबुली देऊन मोकळे होतात,” गरुड म्हणाला आणि लिफ्टचं बटण समजून त्यानं कुणाच्या तरी दाराची बेल दाबली. धंद्यानं तो खासगी गुप्तहेर. आपल्याला जग ‘गरुड’ म्हणतं, असं जगाला तो स्वतःच सांगत फिरायचा. दार उघडलेल्या माणसाची माफी मागायला मागे त्याचा मेहुणा होताच. बहीणही यांनाच द्यायची आणि वर उमेदवारीही यांच्याच हाताखाली करायची, असा हा बिचाऱ्याचा आतबट्ट्याचा व्यवहार.

केस मॅनेजरसाहेबांची. चाळिशी उलटल्यावर त्यांनी बिझनेस स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा घाट घातला होता. कारण असं की, त्यांनीच हाताला धरून शिकवलेला पोरगा लवकरच त्यांचा साहेब होणार होता. त्याला ‘सर’ म्हणायच्या कल्पनेनंच यांची झोप उडाली होती. परीक्षा उद्यावर आली, आणि सराव परीक्षेतले मार्क काही जागचे हलेनात.

“गणितं येतात हो मला,” साहेब रडकुंडीला येऊन म्हणाले. “मग मार्क जातात कुठे?”

“जात नाहीत. नेले जातात!” गरुडानं भिंग काढलं आणि कॉम्प्युटरचा माऊस हुंगला. “घाम! घाबरलेल्या माणसाचा!”

“माझाच असेल.”

“तुम्हाला तसं वाटावं, हीच तर त्यांची चाल.”

मग तर्कांना ऊत आला. आधी सराव परीक्षा घेणारे क्लासवाले मार्क चोरत होते. मग तो होणारा साहेब वायरमधून उत्तरं बदलत होता. सरतेशेवटी संशय मेहुण्यावर आला, कारण खोलीत तो एकटाच शांत बसला होता.

“भाऊजी, मी या घरात आज पहिल्यांदा येतोय!”

“सराईत माणूस हेच म्हणतो.”

साहेबांची बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं सहज कॉम्प्युटरकडे मान वळवली. “अगंबाई, या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर?”

मेहुण्यानं वाकून पाहिलं. दिलेल्या माहितीवरून उत्तर निघेल की नाही, एवढंच सांगायचं होतं. साहेबांनी झाडून सगळीकडे निवडलं होतं: ‘माहिती अपुरी आहे.’

“अहो, आयताची लांबी दिलीय, रुंदी दिलीय. क्षेत्रफळ निघणार नाही होय?” बाईंनी विचारलं.

“निघेल. पण आणखी थोडी माहिती असती तर बरं झालं असतं.”

बाईंनी कपाळावर हात मारला. “ऑफिसात आलेल्या प्रत्येक कागदावर हेच लिहितात. पडदे घ्यायला गेलो, तिथंही हेच. खिडक्या अजून उघड्या आहेत आमच्या!”

साहेब खुर्चीत खचले. “ठरवलं आणि चुकलं, तर अंगाशी येतं गं. माहिती मागवली की अंगाशी काही येत नाही. भीती वाटते मला.”

“काहीच येत नाही. बढतीसुद्धा,” बाई म्हणाल्या. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, “उद्या खुशाल चुका. पण ठरवा.”

गरुड अजून माऊस हुंगत होता.

दुसऱ्या दिवशी साहेब परीक्षेहून आले ते हसतच. मार्क तिथल्या तिथे कळले होते आणि प्रवेशाला पुरून उरतील इतके होते. गरुड दारात कागद घेऊन हजर.

“दोन ओळी लिहून द्या, लोकांना दाखवायला. केस आम्हीच सोडवली ना?”

साहेबांनी गरुडाकडे पाहिलं, भिंगाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. जुन्या सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

“नाही,” ते म्हणाले. “माहिती पुरेशी आहे.”

मग बायकोकडे वळले. “आणि पडदे हिरवे घ्यायचे. आजच.”