मेड इन यूएसए लेट्यूस

रघुनाथराव शेलारांनी बियांचं पाकीट उजेडात धरलं, उलटं केलं, हुंगलं आणि मग मुलाकडे पाहिलं.

"कुठून आणलंस?"

"उल्हासनगर. कॅम्प एकमधून," सुयोग म्हणाला.

"आणि वर लिहिलंय मेड इन यूएसए! अरे, ह्यातला यू उल्हासनगरचा असतो हे अंबरनाथच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

रघुनाथरावांचा जन्म एमआयडीसीतल्या एका कंपनीत माल तपासण्यात गेला. रिटायर झाल्यावर कंपनी सुटली, तपासणी सुटली नाही. भाजी घरी आणून पुन्हा तोलायची, नोट उन्हात धरून बघायची, आणि चहात साखर घातलीय असं खुद्द बायकोने सांगितलं तरी आधी चमच्याने चाखायची. संशय हा त्यांचा स्वभाव नव्हता, छंद होता.

सुयोगला मात्र हे लेट्यूस उगवायलाच हवं होतं. बदलापूरच्या उन्नतीचं स्थळ आलं होतं आणि मुलगी त्याला मनापासून आवडली होती. ती फोनवर सॅलडबद्दल बोलायला लागली तसा हा पठ्ठ्या फुशारकीत बोलून गेला, "आमच्याकडे तर घरचंच लेट्यूस असतं." वर नेटवरचा एक फोटोही पाठवला. उन्नती म्हणाली, "अरे वा! संक्रांत झाली की आईबाबांना घेऊन घर बघायला येते, तेव्हा खाऊनच जाईन." तेव्हापासून बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

तळमजल्यावरच्या मोतीबाईंनी जांभूळ गावातल्या त्यांच्या शेतातली गोणीभर माती आणून दिली. रघुनाथरावांनी बी तपासलं, टब तपासला, नळाचं पाणी तपासलं. माती तेवढी तपासली नाही, कारण ती फुकट होती.

रोपं उगवली, पण दोन तऱ्हेची. एक फिकट, नाजूक, पाणी घातलं तरी मान टाकणारी. दुसरी दणकट, हिरवीगार, कातरलेल्या कडांची.

"बघ," सुयोग कामावर गेल्यावर रघुनाथराव बायकोला म्हणाले, "असलीमध्ये नकली मिक्स केलंय."

"ह्यातलं नकली कुठलं?" यशोधराबाईंनी विचारलं.

"नकली माल नेहमी मरतुकडा असतो."

"अहो, सुयोगला विचारा तरी!"

"त्याला काय विचारायचं? तो पाकीट वाचून विश्वास ठेवणारा माणूस."

त्यांनी फिकट रोपं एकूण एक उपटली, पेपरात गुंडाळली, आणि पोराला कोणी सांगू नये म्हणून पुडकं शर्टात लपवून खाली निघाले. जिन्यात नेमक्या मोतीबाई भेटल्या.

"शर्टात काय हाय वो भाऊ?"

"काही नाही. रद्दी."

रद्दी विकायची सोडून हा माणूस फेकतोय, तीही शर्टात लपवून, हे मोतीबाईंना काही पटेना. भाऊंची पाठ वळताच त्यांनी कचऱ्याच्या डब्यातून पुडकं उचललं. संध्याकाळी टबात दणकट रोपंच दिसली, तेव्हा नाजूक रोपं आपोआप मेली असावीत, असं सुयोगला वाटलं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी उन्नती आईवडिलांबरोबर आली. पोहे झाले, आणि सुयोगने ऐटीत टब समोर आणून ठेवला. उन्नतीने एक पान तोडून चावलं. तिचं तोंड कसनुसं झालं.

"कडू आहे."

"ऑर्गॅनिक आहे ना, त्यामुळे थोडं..." सुयोग चाचरला.

"माल अस्सल आहे," रघुनाथरावांनी ग्वाही दिली. "नकली मी स्वतः उपटून टाकला."

"काय उपटलंत?" सुयोग ओरडलाच.

तेवढ्यात दारात मोतीबाई उभ्या राहिल्या. हातात थर्माकोलचा खोका, आणि खोक्यात फिकट हिरवी, झालरीसारखी पानं दाटीवाटीने वाढलेली.

"भाऊ, ही तुमची रद्दी. जितं झाड टाकवलं नाय मला, म्हनून लावली. पाहुण्यांना दावा." मग त्यांची नजर टबाकडे गेली. "आनि माझ्या मातीतनं उगवलेली ही रानटी पाथरी कशाला वाढवलीत? आमच्या जांभूलला बांदावर पायलीची पन्नास मिलते!"

उन्नतीच्या वडिलांनी टब पाहिला, खोका पाहिला आणि शेवटी सुयोगकडे पाहिलं. "म्हणजे फोटोतलं लेट्यूस ह्या बाईंचं होतं?"

सुयोगने मान खाली घातली. "नाही. फोटो नेटवरचा होता. बी मी नंतर आणलं." सगळं संपलं, असं त्याला वाटलं आणि रडूच फुटायचं बाकी राहिलं.

"माहितीये मला," उन्नती म्हणाली. "फोटोत मागे खिडकीबाहेर बर्फ होता. अंबरनाथ पूर्वेला बर्फ कधी पडला?"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" रघुनाथराव पुढे सरकले.

"नुसत्या संशयावर कसं बोलणार काका? डोळ्यांनी बघून खात्री करायला नको?"

रघुनाथरावांना भरून आलं. इतक्या वर्षांत ह्या घरात त्यांच्या मनातलं असं कोणी बोललं नव्हतं. "मुलगी पसंत आहे!" ते म्हणाले.

"अहो, तिला तर विचारा!" यशोधराबाई म्हणाल्या.

उन्नतीने खोक्यातलं एक पान खुडून चवीने खाल्लं. "हे असली आहे," ती म्हणाली आणि सुयोगकडे बघून हसली. "आणि ह्याला धड खोटं बोलता येत नाही, हे बरंच आहे. माझा होकार आहे."

सुयोगचा जीव भांड्यात पडला. यशोधराबाई चहा घेऊन आल्या.

"काकू, साखर घातलीय?" उन्नतीने विचारलं.

"घातलीय गं."

रघुनाथरावांनी आणि उन्नतीने एकाच वेळी चमचा उचलला आणि आधी चाखून पाहिलं. ते बघत असताना सुयोगच्या मनात, आयुष्यात पहिल्यांदाच, शंकेची पाल चुकचुकली.